दिवाणी म्हणजे काय, हे कोर्टाच्या गेटवरच लिहा: विधी व न्याय विभागाला आणि वकील संघांना खुलं पत्र

मा. विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन, आणि राज्यातल्या सगळ्या तालुका वकील संघांचे अध्यक्ष व सदस्य, सर्वांना नमस्कार.

मी एका तालुका कोर्टाच्या बाहेर टायपिंग करते. दावे, कैफियती (दाव्याला द्यायची लेखी उत्तरं), अ‍ॅफिडेव्हिट, नकलेचे अर्ज, सगळं माझ्या हाताखालून जातं. मी वकील नाही, पण कोर्टात शिरायच्या आधी माणूस पहिल्यांदा थांबतो तो आमच्या टेबलाशी, कारण वकिलाला विचारायला भीती वाटते आणि आतल्या क्लार्कला विचारलं तर तो फाईलीतून मान वर काढेपर्यंत धीर संपतो. आमच्याकडे लोक सगळ्यात जास्त काय विचारत असतील तर, ताई हे दिवाणी म्हणजे काय हो, आणि हे फौजदारी आहे का, म्हणजे हा जमीन, वाटप असला हक्काचा वाद आहे की गुन्ह्याचा खटला. हा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचत नाही, तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तो दावा झालेला असतो, त्याला नंबर पडलेला असतो. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी बाई आली होती. तिच्या नणंदेनं वाटपाचा दावा लावलेला, घरातल्या सगळ्यांना पार्टी केलेलं, त्यात ही पण प्रतिवादी. बेलिफ समन्स घेऊन दारात आला तर ही मागच्या दारानं शेजाऱ्यांकडे जाऊन बसली, कारण तिच्या डोक्यात कोर्टाचा माणूस म्हणजे पकडायला आलेला माणूस. दोनदा असंच झालं, मग समन्स दाराला चिकटवलं गेलं, तारखेला कुणी गेलं नाही आणि तिच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालवायचा आदेश झाला. वास्तविक त्या दाव्यात तिच्या नवऱ्याचा हिस्सा होता, म्हणजे तिला मिळायचंच होतं काहीतरी. समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कोर्टानं परवानगी दिली तर ९० दिवसांपर्यंत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे आली तेव्हा पहिला प्रश्न, बाई माझं वॉरंट निघालंय का. समन्सवर वरच छापलेलं होतं, दिवाणी न्यायालय कनिष्ठ स्तर. तो शब्द तिच्या नातवानं वाचून दाखवला होता, पण वाचून उपयोग काय, त्याचा अर्थ नातवालाही माहीत नाही आणि तो बी.कॉम. झालेला आहे.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागले, वकील लोकांकडून, लायब्ररीतून, जिथून मिळेल तिथून वाचलं, आणि जे समजलं ते इथे लिहिते, कारण माझी मागणी त्याच्यावरच उभी आहे.

दिवाण हा शब्द आधी वहीचा होता. सातव्या शतकात खलिफा उमरच्या काळात सैनिकांना द्यायच्या वेतनाची जी यादी ठेवायचे तिला दिवान म्हणायचे. मग यादी ठेवतात ती कचेरी पण दिवान, मग कचेरी सांभाळणारा अधिकारी तो दिवाण. कवीच्या गझला एका जागी लिहून काढल्या की तोही दिवान. आणि कचेरीत भिंतीला लावलेली गादीची बैठक तीही दिवाण, आपल्या हॉलमधला दिवाण आणि वाड्यातला दिवाणखाना तिथूनच आले. फ्रेंचमध्ये कस्टमला दुआन म्हणतात तेही याच शब्दाचं रूप. इब्न खल्दून या इतिहासकारानं एक गोष्ट दिलीय की इराणचा बादशहा आपल्या कारकुनांकडे बघत होता, ते सगळे स्वतःशीच पुटपुटत हिशेब करत बसलेले, तर तो म्हणाला हे तर दिवाणे आहेत, आणि तेव्हापासून कचेरीला दिवान नाव पडलं. गोष्ट गोड आहे पण भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत, ते हा शब्द जुन्या फारसीतल्या दिपी या शब्दाकडे नेतात. दिपी म्हणजे लिहिलेला मजकूर. आता पाकिस्तानात असलेल्या शाहबाझगढीला अशोकाचा जो शिलालेख आहे त्यात लिपीच्या जागी दिपी असंच कोरलंय. म्हणजे आपली लिपी आणि दिवाण ही लांबची भावंडं निघाली. आणि त्याच्याही मागे गेलं तर सुमेरी लोकांची मातीची पाटी, तिला ते डुब म्हणायचे. मला हे वाचून खूप बरं वाटलं होतं, कारण मी दिवसभर लिहिण्याचंच काम करते आणि कोर्टाचं हे नाव लिहिण्यातूनच आलेलं आहे.

पण यात भांडण, हक्क, जमीन, वाटप असलं काहीच नाही. मग ते आलं कुठून?

मुघलांच्या प्रत्येक सुभ्यात दोन मोठे अधिकारी असायचे. एक सुभेदार किंवा नाझिम, त्याच्याकडे फौज, बंदोबस्त आणि गुन्ह्यांच्या शिक्षा. दुसरा दिवाण, त्याच्याकडे शेतसाऱ्याची वसुली आणि हिशेब. आता सारा वसूल करायचा तर जमीन कुणाची, बाप मेल्यावर कुणाच्या नावावर, कर्जात गहाण आहे का, हे बघावंच लागणार, म्हणून ही असली भांडणं दिवाणाकडे जायला लागली. आणि नाझिमाच्या हाताखाली भागाभागात फौज घेऊन बसलेला अधिकारी तो फौजदार, फौज हा अरबी शब्द आणि दार म्हणजे बाळगणारा. चोर, दरोडेखोर, बंडखोर हे त्याच्याकडे. दोन अधिकारी मुद्दाम वेगळे ठेवलेले, की एकाच्याच हातात पैसा आणि फौज दोन्ही जाऊ नये.

मग १७६४ ला बक्सारची लढाई झाली, आणि १२ ऑगस्ट १७६५ ला बादशहा शाह आलम यानं ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी दिली. वर्षाला २६ लाख रुपये बादशहाला द्यायचे आणि सारा कंपनीनं गोळा करायचा. शाळेत आपण हे वाक्य पाठ केलंय, कंपनीला दिवाणी हक्क मिळाले, मार्क पण मिळवलेत त्याचे, पण हीच ती कोर्टाच्या बोर्डावरची दिवाणी हे कुणी सांगितलं नाही. सात वर्षांनी १७७२ ला वॉरन हेस्टिंग्जनं प्रत्येक जिल्ह्यात दोन कोर्टं बसवली. मुफस्सल दिवाणी अदालत, तिच्यावर कंपनीचा कलेक्टर, कारण तोच आता दिवाणाच्या जागी. आणि फौजदारी अदालत, तिथे काझी, मुफ्ती आणि मौलवी. त्यांच्यावर कलकत्त्याला सदर दिवाणी अदालत आणि गुन्ह्यांसाठी सदर निजामत अदालत, सदर म्हणजे वरची. म्हणजे वाद कसला आहे हे सांगायला ही नावं ठेवलेली नव्हतीच, ते काम आधी कुठल्या साहेबाकडे होतं त्याच्यावरून ती पडली. पुढे ते साहेब गेले, मुघल गेले, कंपनी गेली, नावं राहिली.

आपल्याकडे तर ही वाटणीच नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा, मजालस अशा न्याय करणाऱ्या सभा होत्या, पाटील, मामलेदार, वर पुण्याचे न्यायाधीश. बांधाचं भांडण असो, वतनाचं असो की मारामारी, वेगवेगळी कोर्टं नव्हती. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंकडून राजीनामा लिहून घ्यायचे, तेव्हा राजीनामा म्हणजे होईल तो निवाडा आम्हाला राजी आहे असा कबुलीचा कागद. निवाडा झाला की जिंकणाऱ्यानं हरकी नावाची रक्कम सरकारात भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी नावाचा दंड, आणि निवाडपत्र मिळायचं. त्या जुन्या कागदांमध्ये दिवाण हा शब्द सारखा येतो पण तो सरकार या अर्थानं. निवाडा मोडेल तो दिवाणचा गुन्हेगार आणि गोताचा अन्यायी, अशी त्यातली भाषा. म्हणजे आपल्याकडे गुन्हेगार सुद्धा दिवाणचाच होता! मग १८१८ ला पेशवाई गेली, १८२७ चं एल्फिन्स्टन कोड, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्याचा कायदेसंग्रह, आलं, आणि बंगालच्या धर्तीवरची सदर दिवाणी अदालत आणि सदर फौजदारी अदालत मुंबई इलाख्याला लागू झाली. १८६२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं त्यात या सदर अदालती आणि इंग्रजांचं मुंबई शहरापुरतं सुप्रीम कोर्ट दोन्ही मिसळली. हायकोर्टात आजही अपील शाखा आणि मूळ शाखा अशा दोन बाजू आहेत, त्यातली अपील शाखा सदर अदालतीकडून आलेली.

हे एवढं लांबण लावलं कारण एकच गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. दिवाणी हा शब्द कितीही फोडला तरी त्याच्यातून साध्या माणसाला त्याचं काम कळू शकत नाही. ज्या दिवाणाच्या नावावरून तो आला तो दिवाण आता कुठेच नाही. आणि फौजदार आहे, पण भलताच! आमच्याकडे गावात पीएसआयला फौजदार म्हणतात, पोरगं फौजदार झालं की गावभर पेढे. म्हणून फौजदारी कोर्ट म्हणजे पोलिसांचं कोर्ट, जिथे पोलीस म्हणतील तसं होतं, अशी लोकांची पक्की समजूत. तिथला न्यायाधीश पोलिसांचा कुणी नसतो, पोलिसांनी आणलेली केस तो तपासून बघतो, जामीन देतो, आरोपीला सोडतो सुद्धा, हे लोकांना समजावता समजावता माझी दुपार जाते.

आता याच्यामुळे नुकसान कुठे होतं ते सांगते, कारण नुसतं अडाणीपण असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

शेजाऱ्यानं बांध कोरला, रस्त्यात काटे टाकले, नांगरलेल्या जमिनीत घुसला. माणूस पहिला पोलीस स्टेशनला जातो. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, घेतात आणि हातात समजपत्र देतात, की आपला वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. एवढंच. योग्य ते न्यायालय म्हणजे कुठलं, किती दिवसात, कुठला कागद घेऊन, एक शब्द नाही. तो कागद घडी घालून खिशात ठेवून माणूस महिनोन्‌महिने फिरतो, ग्रामपंचायत, तलाठी, मंडळ अधिकारी, पुढारी. आणि इथे मुदतीचा घोळ आहे. शेताचा वहिवाटीचा रस्ता अडवला, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, शेतजमिनीचा ताबा बेकायदा घेतला, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याखाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण घटना घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ताबा काढून घेतला म्हणून नुसत्या ताब्यासाठी दिवाणी कोर्टात विशिष्ट दाद कायद्याच्या कलम ६ खाली जायचं तरी तेच, ६ महिने. समजपत्र खिशात घेऊन हिंडण्यात ते ६ महिने निघून गेलेली माणसं माझ्या टेबलाशी नेहमी येतात, आणि मग मालकी हक्काचा मोठा दावा, कोर्ट फी, मोजणी, आणि वर्षानुवर्षं तारखा. आजानं लावलेला दावा नातवाला निकालात मिळतो असं लोक म्हणतात ते अशा दाव्यांबद्दल.

त्यात आणि मामलेदार कोर्ट हे नाव ऐकलं की लोक अजून चक्रावतात, कारण मामलेदार नावाचा अधिकारीच महाराष्ट्रात आता दिसत नाही, तो तहसीलदार झाला, कायद्याच्या नावात मात्र तो मामलेदारच राहिला. गोव्यात तरी अजून मामलेदारच म्हणतात. मामला म्हणजे व्यवहार, कारभार, तो बघणारा मामलेदार. म्हणजे इथेही कोर्टाचं नाव अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून पडलं, आणि इथे तर तो हुद्दाही बदलून गेला.

दुसरी बाजूही आहे. कुणी खोटे कागद करून जमीन विकली, बनावट सही करून सातबाऱ्यावरून नाव उडवलं, तर तो दिवाणी वाद आहेच पण गुन्हा पण आहे, दोन्ही एकाच वेळी. पण दिवाणी या एका शब्दावर माणसाला ठाण्याच्या दारातून परत पाठवतात आणि तोही जातो, कारण त्याला वाटतं दिवाणी असलं की फौजदारी नसतं. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ ला ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. आणि उलटंही तितकंच होतं, उधारीचे पैसे वसूल करायला फसवणुकीची फिर्याद द्यायची, समोरच्याला अटकेची भीती घालायची, यावरही सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा खडसावलंय. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत सामान्य माणसाची लूट होते, हे मी रोज बघते आणि मला ते सहन होत नाही.

कोर्टाच्या आत तरी उलगडा होतो का, तर नाही. आमच्या तालुक्याला बोर्डावर नाव असतं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तथा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. साहेब एक, खुर्ची एक, सकाळी फौजदारी केसेस, नंतर दिवाणी. लोकांना कनिष्ठ म्हणजे कमी दर्जाचे जज वाटतात, म्हणतात आम्हाला वरच्या साहेबांकडेच केस लावा, आणि वरिष्ठ स्तराकडे दावा जातो तो दाव्याच्या किमतीवरून हे कुणाला ठाऊक नसतं. जिल्ह्याला तसंच, जिल्हा व सत्र न्यायाधीश, दिवाणी कामात जिल्हा आणि फौजदारी कामात सत्र, माणूस तोच. नंबरांचं तर बोलूच नका, आरसीएस म्हणजे दिवाणी दावा आणि आरसीसी म्हणजे फौजदारी खटला, एका अक्षराचा फरक, मोबाईलवर केस स्टेटस बघताना चुकीचा प्रकार निवडून लोक केस सापडत नाही म्हणून घाबरून येतात. एका बाजूला वादी प्रतिवादी, दुसऱ्या बाजूला फिर्यादी आरोपी. त्या म्हातारीला प्रतिवादी म्हणजेच आरोपी वाटला होता, यात तिची काय चूक.

काही वकील मित्र म्हणतात की ही फारसी नावं काढूनच टाका. छत्तीसगड, बिहार, झारखंडमध्ये व्यवहार न्यायालय म्हणतात, तसं करा. मला ते पटत नाही, मनापासून पटत नाही. व्यवहार न्यायालय म्हटलं की इथला माणूस पैशाचा व्यवहार समजेल, घटस्फोट, वाटप, वारस हे त्यात येतं असं त्याला वाटणारच नाही. शिवाय दिवाणी फौजदारी हे शब्द जुन्या दस्तात, डिक्रीत, लोकांच्या बोलण्यात मुरलेले आहेत, ते काढले तर घरातले जुने कागदही वाचता येणार नाहीत. २०२४ च्या १ जुलैला नवे फौजदारी कायदे आले, कलमांचे नंबर बदलले, तेव्हा चारशेवीस हा शब्द आमच्या तोंडातून गेला का, नाही गेला. नावं राहू द्या. फक्त ती उघडून सांगा.

माझी मागणी अशी आहे. प्रत्येक तालुका कोर्टाच्या गेटवर, आत गेल्यावर नाही, बाहेरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की दिवाणी म्हणजे जमीन, घर, वाटप, ताबा, करार, येणं पैसे असे हक्काचे वाद, यात दावा लागला म्हणून कुणाला पकडून नेत नाहीत, पण तारखेला आलं नाही तर निकाल तुमच्याशिवाय होतो. फौजदारी म्हणजे गुन्ह्याचे खटले, आणि एकाच घटनेत दोन्ही होऊ शकतात. शेतरस्ता आणि पाणी अडवण्यासाठी तहसील कचेरीतही दाद मागता येते, ६ महिन्यांच्या आत, हेही तिथेच. आणि तालुका विधी सेवा समिती कुठल्या खोलीत बसते ते, कारण बाईमाणसाला उत्पन्न किती का असेना वकील फुकट मिळतो हे १९८७ च्या कायद्यात आहे आणि आमच्या तालुक्यातल्या बायकांना ते माहीत नाही.

दिवाणी समन्स पाठवता त्याच्या मागच्या बाजूला कोरी जागा असते. तिथे चार ओळी छापा, हे अटकेचं वॉरंट नाही, वकिलाला दाखवा, कैफियत ३० दिवसांत द्या, वकील परवडत नसेल तर इथे या. बेलिफांनाही सांगा की हे वाक्य दारात उभं राहून तोंडानं बोला.

समजपत्राचा नमुना गृह विभागाच्या हातात असेल, तर तुम्ही त्यांना पत्र लिहा. योग्य ते न्यायालय या तीन शब्दांच्या जागी न्यायालयाचं पूर्ण नाव आणि मुदत लिहायची सक्ती करा. ठाणे अंमलदाराला दोन मिनिटं जास्त लागतील.

वकील संघांना वेगळं सांगते. १९९८ च्या अधिसूचनेनं राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी झाली, पण पक्षकाराशी बोलताना तुम्ही मॅटर, स्टे, एक्स पार्टी, नो डब्ल्यूएस असंच बोलता आणि तो नुसती मान हलवतो. मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, एक ज्युनिअर वकील गेटपाशी तासभर बसवा, फी न घेता, फक्त हे कुठल्या कोर्टाचं काम आहे एवढं सांगायला. खुर्ची आणि टेबल माझं घ्या, सावलीला आहे.

बोर्डाचा मजकूर तुम्ही मंजूर करून दिलात तर आमच्या कोर्टापुरता तो मी स्वतः टाईप करून देईन, आणि शेजारच्या तालुक्यांतल्या टायपिंगवाल्यांनाही सांगेन. उत्तराची वाट बघते.

आपली नम्र,
तालुका कोर्टाबाहेरची एक टायपिस्ट